कारखान्याचा भोंगा आणि इंग्रजीचा वर्ग : अमेरिकेंतील परदेशी कामकऱ्यांच्या भाषाशिक्षणाचा एक अध्याय

पोटाच्या धंद्यांत गुंतलेल्या प्रौढ माणसाला परकी भाषा शिकविण्याचा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या ग्रंथांत बहुधा पद्धतीचा प्रश्न म्हणून मांडलेला आढळतो. व्याकरण आधीं कीं संभाषण आधीं, शिक्षकास विद्यार्थ्याची भाषा यावी कीं न यावी, धडे लहान असावे कीं मोठे, इत्यादि वाद त्यांत सविस्तर येतात. परंतु ज्या देशांत हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर झाला त्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील इ. स. १९०७ ते १९२३ पर्यंतचा वृत्तांत तपासून पाहतां आम्हांस असें दिसतें कीं, पद्धतीचा वाद तेथें दुय्यम होता. कामकऱ्याच्या दिवसांतला कोणता तास त्याचा स्वतःचा, आणि त्याच्या पहिल्या पाठांत कोणते शब्द घालावयाचे हें ठरविणार कोण, या दोन गोष्टींवर वर्गाचें यशापयश व स्वरूप अवलंबून राहिलें. या वृत्तांताचा एक धागा मुंबईच्या गिरण्यांपर्यंत येऊन पोंचतो. तो ओघानें पुढें येईल.

साधनांविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. इतिहास म्हणजे मोहिमा, तह आणि सनदा ही समजूत आपल्याकडून अद्याप पुरती गेलेली नाहीं. कामकऱ्याचें क्रमिक पुस्तक कागदपत्रांत जमा धरण्यास पुष्कळ अभ्यासक कांकूं करतात. आमच्या मतें तें अस्सल साधन होय. शाळा चालविणाऱ्यांचे अहवाल, कारखानदारांचीं पत्रकें, समारंभांचीं छायाचित्रें यांत देणाऱ्याचा आवाज ऐकूं येतो, घेणाऱ्याचा क्वचित्. जो मनुष्य इंग्रजीचीं मुळाक्षरें गिरवीत होता तो इंग्रजींत अहवाल कोठून लिहिणार? पण त्याला काय पढविलें तें पुस्तकांत जसेंच्या तसें राहिलें आहे. बखरीपेक्षां हिशेबाची चोपडी जशी अधिक भरंवशाची, तशींच हीं पुस्तकें.

सन १९०७ च्या सरकारी वर्षांत अमेरिकेंत १२ लाख ८५ हजारांवर परदेशीय उतरले. त्यापूर्वीं कोणत्याहि एका वर्षांत इतके लोक आले नव्हते. इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी व रशिया येथून आलेले हे बहुतेक शेतकरी व मजूर. ते पेन्सिल्व्हेनियाच्या कोळशाच्या खाणींत, पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्यांपुढें, शिकागोच्या कत्तलखान्यांत आणि न्यूयॉर्कच्या कपडे शिवण्याच्या दुकानांत कामास लागले. त्यांना इंग्रजी येत नव्हतें, व खाणींत छत खचण्याची सूचना ज्या भाषेंत मिळते ती भाषा न समजणें म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको. शिवाय मालक आणि मजूर यांच्यामध्यें भाषेची जी दरी होती तींत एक मध्यस्थ उभा होता. इटालियन मजुरांत त्याला 'पाद्रोने' म्हणत. काम मिळवून देण्याबद्दल हा दस्तुरी घेई, चिठ्ठी वाचून दाखवी, पैसे घरीं पाठवी आणि प्रत्येक व्यवहारांत आपला हात ओला करून घेई. मुंबईच्या गिरण्यांतील मुकादम ज्यांनीं पाहिला असेल त्यांना या गृहस्थाची ओळख पटण्यास वेळ लागणार नाहीं. मजूर इंग्रजी शिकला तर सर्वांत आधीं नुकसान व्हावयाचें तें याचें.

नागरिकत्वासाठीं इंग्रजी बोलतां आलें पाहिजे अशी अट १९०६ च्या कायद्यानें घातली होती, म्हणून शिकण्याची गरज सर्वांस पटलेली होती. मोठ्या शहरांतून नगरपालिकांच्या सायंशाळाहि होत्या. तरी पण वर्ग भरत आणि कांहीं आठवड्यांतच रिकामे होत. याचें खापर त्या काळच्या पुष्कळ लेखकांनीं परदेशीयांच्या मंद बुद्धीवर फोडलें आहे. परंतु शाळेंत गेल्यावर त्या मनुष्याची स्थिति काय होई? दहा-बारा तास फावडें मारून आलेला बाप्या दिवसा ज्या बाकांवर सात-आठ वर्षांचीं मुलें बसत त्याच बाकांत गुडघे दुमडून बसे, आणि मुलांच्याच पहिल्या पुस्तकांतून मांजर, उंदीर व बाहुली यांचीं नांवें घोकी. दुसऱ्या दिवशीं खाणींत त्याला ना मांजर उपयोगी पडे, ना बाहुली.

हें व्यंग प्रथम ज्यांनीं नीट ओळखलें त्यांपैकीं पीटर रॉबर्ट्स हा प्रमुख होय. हा जन्मानें वेल्स प्रांतांतला व पेशानें धर्मोपदेशक. पेन्सिल्व्हेनियाच्या कोळसा-प्रदेशांत राहून तेथील मजुरांच्या स्थितीवर त्यानें १९०१ व १९०४ सालीं दोन ग्रंथ लिहिले. १९०७ पासून तो ख्रिस्ती तरुण संघाच्या म्हणजे वाय. एम. सी. ए. च्या चाकरींत शिरला, आणि १९०९ मध्यें त्यानें परदेशीयांसाठीं इंग्रजीचे पाठ प्रसिद्ध केले. आरंभींचे तीस पाठ घरसंसार, कामधंदा आणि देवघेव अशा तीन मालिकांत दहा-दहांनीं विभागलेले होते. पहिल्या पाठांत मनुष्य सकाळीं जागा होतो, डोळे उघडतो, घड्याळ पाहतो, उठतो, कपडे घालतो. शिक्षकानें प्रत्येक क्रिया हातवारे करून दाखवावी, विद्यार्थ्यांनीं वाक्य म्हणावें, मग वाचावें, मग लिहावें.

ही कल्पना रॉबर्ट्सची स्वतःची नव्हे. ती फ्रांस्वा गुअँ नामक फ्रेंच शिक्षकाची. गुअँची हकीकत मनोरंजक असल्यामुळें थोडें विषयांतर करतों. हे गृहस्थ जर्मन शिकण्यासाठीं हँबर्ग येथें गेले, दार लावून व्याकरण पाठ केलें, अनियमित धातु पाठ केले, आणि शेवटीं सबंध शब्दकोशहि घोकला. पण बाहेर येऊन पाहतात तों लोकांचें एक वाक्य समजेना! हताश होऊन घरीं परतले, तों त्यांचा तीन वर्षांचा भाचा तेवढ्या अवधींत फडफडां बोलूं लागला होता. तो पोर पिठाची गिरणी पाहून आला आणि जें जें पाहिलें तें क्रमानें सांगत खेळूं लागला. आधीं पोतें, मग दाणे, मग जातें, मग पीठ. भाषा क्रियांच्या क्रमानें शिकली जाते हें गुअँला तेथें उमगलें, व १८८० मध्यें त्यानें त्यावर ग्रंथ लिहिला. आपल्या घोकंपट्टीच्या पाठशाळांना हा दाखला आजहि ऐकवण्याजोगा आहे.

रॉबर्ट्सची योजना चांगली होती आणि तिचें मर्म हें कीं, तींत शिकणाऱ्याच्या स्वतःच्या दिवसांतून धडा काढला होता. पण दिवस एकच असला तरी त्याचें वर्णन दोन बाजूंनीं करतां येतें. शिकागोच्या इंटरनॅशनल हार्वेस्टर या शेतीचीं यंत्रें बनविणाऱ्या कंपनीनें १९१२ च्या सुमारास आपल्या परदेशी कामकऱ्यांसाठीं जो पहिला पाठ तयार केला, तो आम्हीं मुद्दाम शेजारीं ठेवून वाचला. रॉबर्ट्सचा मनुष्य स्वतःच्या घड्याळाकडे पाहून उठतो. हार्वेस्टरचा मनुष्य भोंगा ऐकून धांवतो. तो फाटकावरील फळीवरून आपला बिल्ला काढून घेतो व खात्याच्या फळीवर अडकवतो, कपडे बदलतो, सुरू होण्याच्या भोंग्याची वाट पाहतो, नेमल्या वेळेपूर्वीं जेवणें मना आहे हें घोकतो, सुटीचा भोंगा होईतों काम करतो, जागा स्वच्छ करून ठेवतो आणि घरीं जातो. पाठांत उत्तम पुरुषाचें एकवचन जागोजाग आहे, पण त्या 'मी'ला स्वतःची इच्छा कोठेंहि नाहीं. पगार किती, यंत्राला हात गेला तर काय करावें, हें विचारण्याचें एकहि वाक्य त्यांत नाहीं. पद्धति दोघांची सारखीच, क्रियांच्या क्रमाची. तरी एकींतून गृहस्थ निघतो व दुसरींतून घाणीचा बैल.

याच वर्षीं मॅसॅच्युसेट्समधील लॉरेन्स येथें लोंकरीच्या गिरण्यांत मोठा संप झाला. वीस हजारांवर कामकरी, अनेक देशांचे. सभेंत एक भाषण अनेक भाषांतून सांगावें लागे, तरी संप फुटला नाहीं व बऱ्याच अंशीं यशस्वी झाला. निरनिराळ्या भाषांच्या मजुरांची एकजूट होऊं शकत नाहीं या विश्वासावर निजलेले कारखानदार त्यानंतर दचकून जागे झाले, आणि इंग्रजी शिकविण्याचा उत्साह त्यांच्यांत एकाएकीं वाढला, याला आम्ही केवळ योगायोग मानीत नाहीं.

आतां डेट्रॉइट येथील फोर्डच्या शाळेकडे वळूं. कारण हिची कीर्ति सर्वांत अधिक झाली. हायलंड पार्कच्या कारखान्यांत १९१३ मध्यें सरकत्या पट्ट्यावर मोटारी जुळविण्याची रीति सुरू झाली. काम इतकें कंटाळवाणें कीं, त्या एका वर्षांत सोडून जाणारांचें प्रमाण शेंकडा ३७० झालें, म्हणजे शंभर जागा भरून ठेवण्यास वर्षभरांत त्याच्या कितीतरी पट माणसें लावावीं लागलीं. ता. ५ जानेवारी १९१४ रोजीं हेन्री फोर्डनें दिवसाला पांच डॉलर मजुरी व नवाच्या ऐवजीं आठ तासांचा दिवस जाहीर केला. या पांच डॉलरांतला मोठा भाग 'नफ्याचा वांटा' म्हणून होता, आणि तो मिळण्यास कामकऱ्याची राहणी कंपनीच्या पसंतीस उतरावी लागे. त्यासाठीं एक स्वतंत्र खातें काढून घरोघर तपासनीस पाठविले. त्याच महिन्यांत ग्रीक व रशियन कामकरी आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणें नाताळ पाळण्यासाठीं घरीं राहिले, तेव्हां आठ-नऊशें जणांना एकदम काढून टाकण्यांत आलें. टिळक पंचांग व जुनें पंचांग असा घोळ आपल्याकडेहि झाला, पण त्यापायीं कोणाची भाकरी गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

अशा कारखान्यांत १९१४ सालीं कामकऱ्यांपैकीं शेंकडा ७१ परदेशांत जन्मलेले असून ते बावीस राष्ट्रांचे होते. रॉबर्ट्सला बोलावून त्याची पद्धति घेतली गेली आणि इंग्रजीची शाळा सुरू झाली. बहात्तर पाठ, छत्तीस आठवडे, आठवड्यांतून दोन वर्ग. वर्ग पाळीच्या आधीं किंवा नंतर. शिक्षक म्हणजे कारखान्यांतलेच कारकून, मुकादम व कारागीर, आणि ते बिनपगारी. १९१५ ते १९२० या काळांत सुमारें १६,००० माणसें या शाळेंतून उत्तीर्ण झालीं. सायंशाळांचे रिकामे बांक आठवले म्हणजे हा आंकडा सामान्य नव्हे.

हें यश कशाचें? शाळेच्या चालकांनीं तें पद्धतीला दिलें. आमच्या समजुतीनें त्याचीं दोन कारणें निराळीं आहेत. पहिलें, आठ तासांचा दिवस. बारा तासांच्या मजुराला जें अशक्य तें आठ तासांच्या मजुराला अवघड पण शक्य होतें. दुसरें, सक्ति. कागदावर शाळा ऐच्छिक होती. पण कंपनीच्या त्या खात्याचा प्रमुख पाद्री सॅम्युअल मार्क्विस याच्याच सांगण्याप्रमाणें, जो यावयास नाखूष असे त्याला आधीं फायदे समजावून देत, आणि तरीहि तो घुटमळला तर शांतपणें विचार करण्यासाठीं त्याला कामावरून बसवीत. या विनोदांत लपलेली धमकी ओळखण्यापुरतें इंग्रजी तर पहिल्या दिवशींहि सर्वांना येत असेल! तथापि न्याय दोन्हीकडून करावा. दिवसाला पांच डॉलर, आठ तास आणि कारखान्याच्या दारांत शाळा, एवढें एकत्र त्या काळीं दुसरीकडे मजुराला मिळत नव्हतें; आणि सक्तीनें आलें तरी आलेलें इंग्रजी शिकणाऱ्याचेंच राहतें, तें मालकाला परत घेतां येत नाहीं.

पदवीदानाचा समारंभ मात्र विलक्षण असे. रंगमंचावर आगबोटीचा देखावा आणि पुढें एक अजस्र कढई. आपापल्या देशांचे पोशाख घातलेले, पाठीवर बोचकीं घेतलेले कामकरी बोटीवरून उतरून कढईंत शिरत. शिक्षक लांब पळ्यांनीं ती ढवळीत. आणि दुसऱ्या बाजूनें तेच लोक अमेरिकन कपड्यांत, हातांत लहान निशाणें घेऊन बाहेर पडत. इस्राएल झँगविल याचें या कढईच्या नांवाचें नाटक १९०८ मध्यें रंगभूमीवर आलें होतें. फोर्डच्या मंडळींनीं रूपकाची भांडीच बनविलीं. छायाचित्रांतले ते चेहरे आम्हीं पुष्कळ वेळ न्याहाळले. ते आनंदी आहेत कीं अवघडलेले, हें छायाचित्रावरून ठरविण्याचा मोह आम्ही आवरतों.

डेट्रॉइटच्या व्यापारी मंडळानेंहि १९१५ मध्यें मोहीम काढली आणि कारखानदारांनीं मनावर घेतांच शहराच्या सायंशाळांतील नांवनोंदणी एका वर्षांत दुपटीहून अधिक वाढली. शिकणारे तेच, शाळा त्याच, पुस्तकें बहुतेक तींच. बदलला तो मालकाचा कल. पॅकार्ड कंपनीनें तर १९१६ च्या आरंभीं असें जाहीर केलें कीं, बढती मिळेल ती नागरिकाला अथवा नागरिकत्वासाठीं अर्ज केलेल्यालाच. महायुद्धांत अमेरिका उतरल्यावर मदतीचें रूपांतर हुकुमांत झालें. आयोवा संस्थानाच्या गव्हर्नरानें १९१८ च्या मे महिन्यांत सार्वजनिक जागीं, आगगाडींत व दूरध्वनीवर इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलण्यास मनाई केली. येथें शिक्षणाचा विषय संपतो आणि पोलिसांचा सुरू होतो, म्हणून आम्ही त्यांत शिरत नाहीं.

मालकांच्या शाळांइतकी प्रसिद्धि न मिळालेला दुसरा प्रयत्न न्यूयॉर्क येथें झाला. तेथील पोलकीं शिवणाऱ्या मुलींचा संप नोव्हेंबर १९०९ मध्यें झाला, तेव्हां संपाची हांक देणारें क्लारा लेम्लिख हिचें प्रसिद्ध भाषण यिद्दिश भाषेंत झालें होतें, इंग्रजींत नव्हे. या मुली बहुतेक यहुदी व इटालियन. त्यांच्या स्त्री-पोशाख कामगार संघानें १९१७ च्या सुमारास शहरांतील सरकारी शाळांच्या इमारतींत सायंकाळीं 'ऐक्यकेंद्रें' उघडलीं. या कामीं प्रथम ज्युलिएट स्टुअर्ट पॉइंट्झ व पुढें फानिया कोन या बायांनीं पुष्कळ खपून व्यवस्था लावली. इंग्रजीचा शिक्षक शहराच्या शिक्षणमंडळाकडून मिळे. त्याच इमारतींत संघाकडून अर्थशास्त्र, मजूर चळवळीचा इतिहास यांवर व्याख्यानें होत. शिकणारी मुलगी येथें स्वतःच्या संघाच्या घरीं आल्यासारखी येई. पुढें १९१९ सालीं या धंद्यांत आठवड्याचे तास ४४ वर आले. येथें अनुपस्थितीबद्दल कामावरून काढण्याची सोय नव्हती, आणि पदवीदानाला कढईहि नव्हती. संख्येच्या स्पर्धेंत हीं केंद्रें फोर्डपुढें टिकत नाहींत. पण इंग्रजी येणें म्हणजे हुकूम समजणें नसून मजुरीच्या करारावरील अक्षर स्वतः वाचणें होय, हा अर्थ तेथें शिकणाऱ्यांस मिळाला.

आतां १९१९ चा हिंवाळा. पोलादाच्या कारखान्यांत जवळजवळ निम्मे कामकरी बारा तासांच्या पाळीला जुंपलेले होते, आणि पाळी बदलतांना कित्येकांना सलग चोवीस तास उभें राहावें लागे. ता. २२ सप्टेंबर रोजीं त्यांचा देशव्यापी संप सुरू झाला. तेव्हां पिट्सबर्ग येथें संपवाल्यांनीं कामावर परत यावें अशी जाहिरात झळकली, ती इंग्रजीबरोबरच इतर अनेक भाषांत छापलेली होती. दहा वर्षें इंग्रजी शीक म्हणून ज्यांना उपदेश चालला होता त्यांची भाषा गरज पडतांच मालकांना बरोबर आली! ता. ८ जानेवारी १९२० रोजीं संप मोडला. त्याची चौकशी करणाऱ्या ख्रिस्ती पंथांच्या संयुक्त मंडळानें १९२० मध्यें जो अहवाल प्रसिद्ध केला त्यांत ही गोष्ट स्पष्ट नमूद आहे कीं, बारा तासांची पाळी आहे तोंवर या लोकांना सायंशाळा आणि अमेरिकन करण्याच्या गोष्टी सांगणें व्यर्थ होय. या सबंध प्रकरणांत आम्हांस हाच पुरावा सर्वांत वजनदार वाटतो. कारण तो शिक्षणपद्धतीच्या वादांत न पडलेल्या माणसांनीं कारखान्यांत जाऊन, मजुरांचे तास मोजून दिला आहे.

हा संप चालूं असतांनाच, ता. २९ ऑक्टोबर १९१९ पासून, वॉशिंग्टन येथें पहिली आंतरराष्ट्रीय मजूर परिषद भरली. हिंदुस्थानच्या मजुरांचे प्रतिनिधि म्हणून तेथें कै. नारायण मल्हार जोशी उपस्थित होते. जोशी हे भारत सेवक समाजाचे सभासद; त्यांनीं १९११ मध्यें मुंबईस सोशल सर्व्हिस लीग स्थापिली होती व तिच्यातर्फे मजुरांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालत. रात्रशाळेची परंपरा आपल्याकडे त्याहून जुनी आहे. जोतीराव फुले यांनीं पुण्यास १८५५ सालीं कामकरी स्त्रीपुरुषांसाठीं रात्रशाळा काढली, व मुंबईस १८७६ पासून प्रार्थनासमाजानें हें काम हातीं घेतलें. परंतु रात्रशाळेच्या दाराशीं येऊन पोंचण्यासाठीं मजुराजवळ जी शिल्लक लागते ती येथेंहि तासांचीच. १९११ च्या कायद्यानें कापडाच्या गिरण्यांत प्रौढ पुरुषाचा दिवस बारा तासांचा धरला होता. वॉशिंग्टनच्या परिषदेनें आठवड्यास ४८ तासांचा ठराव केला, पण ब्रिटिश हिंदुस्थानला निराळें माप लावून ६० तास ठेवले. आणि त्याप्रमाणें १९२२ च्या कायद्यानें आठवड्याला ६० व दिवसाला ११ तास ही मर्यादा आली. भाषेचा प्रश्न मुंबईंत अमेरिकेसारखा नव्हता, कारण पुष्कळ मजुरांची भाषा शहराचीच होती. इंग्रजी वरच्या मजल्यावर, कचेरींत होतें, आणि त्या दोहोंमधल्या जिन्यावर मुकादम बसलेला होता.

फोर्डची शाळा १९२० नंतरच्या मंदींत बंद पडली. मार्क्विस १९२१ मध्यें कंपनी सोडून गेला, व १९२३ मध्यें त्यानें आपल्या जुन्या धन्यावर एक बरेंच कडवट पुस्तक लिहिलें. त्याच वर्षाच्या फेब्रुवारींत भगतसिंग थिंड या पंजाबी गृहस्थाच्या दाव्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें 'गोरा' नसल्यामुळें त्यास नागरिकत्व मिळूं शकत नाहीं. थिंड यानें ओरेगॉनमध्यें लांकडाच्या कारखान्यांत काम केलें होतें, महायुद्धांत अमेरिकेच्या लष्करांत नोकरी केली होती, आणि त्याला इंग्रजी उत्तम येत होतें. पोलादाच्या कारखान्यांतील बारा तासांची पाळी १९२३ च्या ऑगस्टपासून मोडूं लागली. तोंपर्यंत १९२१ च्या कायद्यानें नव्या परदेशीयांचें येणें बरेंचसें रोखलें गेलें होतें. वर्गांत बसावयास जो तास मोकळा झाला तो मुख्यत्वें भट्टीपुढें दहा-पंधरा वर्षें आधींच काढलेल्या माणसांना मिळाला.